एक ग्लोरांथा, नियम अनेक

फासे टाकून खेळायची बहुतेक कल्पित जगं नियमांच्या मागून आली. आधी लढाई आणि जादूचं गणित ठरलं, मग त्या गणितात मावतील असे डोंगर, राजे आणि राक्षस रचले गेले. ग्लोरांथा या कल्पित जगाचं नेमकं उलट झालं. ग्रेग स्टॅफर्ड अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट कॉलेजात शिकत होता तेव्हा, १९६६ साली, त्याने या जगाच्या पहिल्या कथा लिहिल्या. डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा या प्रकारचा प्रसिद्ध खेळ बाजारात यायला अजून आठ वर्षं होती. त्यामुळे एखादा गट आज आपल्या सवयीच्या नियमांत ग्लोरांथा खेळायला घेतो, तेव्हा मूळ नियम कोणते हा प्रश्नच जरा फसवा ठरतो. या जगाला स्वतःचे असे नियम जन्मतः नव्हतेच.

पहिल्यांदा ते टेबलावर आलं तेही रोल-प्लेइंग, म्हणजे एकेका पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचा खेळ, म्हणून नव्हे. १९७५ साली स्टॅफर्डने स्वतःच्या केऑसियम कंपनीतर्फे ‘व्हाइट बेअर अँड रेड मून’ हा युद्धाचा बोर्ड गेम काढला. ड्रॅगन पास नावाचा डोंगराळ मुलूख, एका बाजूला ल्यूनार साम्राज्य, दुसऱ्या बाजूला सार्टारचं राज्य. त्यात एकेक वीर फौजेच्या तोडीस तोड होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे घोडं इथेच अडलं.

१९७८ साली रूनक्वेस्ट हा ग्लोरांथातला रोल-प्लेइंग खेळ आला. नियम मुख्यतः स्टीव्ह पेरिन आणि रे टर्नी यांचे. पेरिन हा ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’च्या संस्थापक मंडळींपैकी, अंगावर चिलखत चढवून वेताच्या तलवारींनी खरोखर झुंजणारी ही मंडळी. नियमांत ते उतरलंच. वार नुसता लागत नाही, डाव्या पायावर किंवा उजव्या हातावर लागतो, आणि त्या अवयवावर चिलखत नसेल तर माणूस कोसळतो. वार अडवण्यासाठी वेगळा फासा. क्लास (लढवय्या, जादूगार असे ठरीव पेशे) नाहीत, लेव्हल (चढत्या पायऱ्या) नाहीत. प्रत्येक कौशल्य टक्क्यांत. वापरलेलं कौशल्य सुधारायचं असेल तर मोहिमेनंतर फासा सध्याच्या टक्क्यांच्या वर पडावा लागतो, म्हणजे नवशिका भराभर शिकतो आणि उस्ताद महिनोन्‌महिने तिथेच घुटमळतो. मला अजूनही हा या छंदातला सर्वांत शहाणा नियम वाटतो.

पण जगाशी खरी सांगड बसली ती जादूत. डी अँड डीमध्ये देवाची कृपा हा क्लेरिकचा, म्हणजे पुजारी पात्राचा, धंदा. बाकीचे तलवार घेऊन त्याच्या मागे. ग्लोरांथात प्रत्येक शेतकरी, गुराखी कुठल्या ना कुठल्या देवाच्या पंथात असतो, म्हणून रूनक्वेस्टमध्ये किरकोळ मंत्र सगळ्यांना येतात. मोठी, खुद्द देवाची जादू हवी असेल तर स्वतःच्या आत्मबळाचे गुण कायमचे अर्पण करावे लागतात. तो आकडा पात्राच्या नोंदींच्या कागदावरून खोडताना खेळणारा मनाशी हिशेब करतोच. १९७९च्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ने हे आणखी पुढे नेलं. हुमाक्त हा तलवारीचा आणि मृत्यूचा देव. त्याच्या भक्ताला तो वर देतो, पण प्रत्येक वरासोबत जन्मभराचं एखादं बंधन येतं, आपल्याकडच्या कडक नेमासारखं. भक्त मेला तर त्याला पुन्हा जिवंत करता येत नाही, कारण मृत्यू म्हणजेच त्याचा देव. इथे नियम आणि पुराण यांच्यात फट उरत नाही.

फट होती ती दुसरीकडे. बोर्ड गेममधला वीर फौज अडवत होता. रूनक्वेस्टमध्ये त्याच वीराला एखाद्या फडतूस ट्रोलकिनचा, म्हणजे खुज्या राक्षसाचा, नशिबाने लागलेला भाला आडवा करू शकतो. देवांच्या काळात शिरून पुराणकथा स्वतः जगायची, जिला हीरोक्वेस्ट म्हणतात, ती तर ग्लोरांथाचा प्राण. तिचे नियम वर्षानुवर्षं नुसते येणार होते.

दरम्यान नियमच जगाला सोडून बाहेर पडले. त्यांचा गाभा १९८० साली ‘बेसिक रोल-प्लेइंग’ या छोट्या पुस्तिकेत वेगळा काढला गेला, आणि पुढच्याच वर्षी त्यावर उभा राहिलेला ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ केऑसियमचा सर्वांत गाजलेला खेळ ठरला. १९८४ साली रूनक्वेस्टची तिसरी आवृत्ती बाल्टिमोरच्या अ‍ॅव्हलॉन हिलने काढली. करार असा की रूनक्वेस्ट हे नाव त्यांच्याकडे, ग्लोरांथा मात्र केऑसियमकडे. परिणामी नियमांची पार्श्वभूमी म्हणून साधारण ऐतिहासिक पृथ्वी आली आणि ग्लोरांथा खेळाच्या पेटीतल्या एका पुस्तिकेपुरता उरला. कागदावरच्या या वाटणीने जेवढं नुकसान केलं, तेवढं एखाद्या वाईट नियमानेही केलं नसेल.

१९९८ साली स्टॅफर्ड ग्लोरांथा घेऊन केऑसियममधून बाहेर पडला. रूनक्वेस्टचं नाव हाती नव्हतं, म्हणजे नियम नवे लिहिणं भागच होतं. रॉबिन लॉझने ते लिहिले आणि २००० साली ‘हीरो वॉर्स’ आला. २००३ साली तोच ‘हीरोक्वेस्ट’ झाला. यात तलवारबाजी, गुरं राखणं, भावाबद्दलची माया, हुमाक्तची भक्ती, सगळं एकाच मापाने मोजलं जातं. वीसच्या वर गेलं की एक ‘मास्टरी’ आणि पुन्हा एकपासून मोजणी. गावाच्या वेशीवर लढताना गावाबद्दलचं प्रेम तलवारीला जोड देतं. फौजेपुढे एकटा उभा राहणारा वीर इथे सहज मावला, कारण फौज हाही शेवटी एक आकडाच. पण पायावरचा वार गेला, आणि त्याबरोबर भीतीही. जुने खेळाडू कुरकुरले ते उगाच नाही.

उलटं उदाहरण २००६चं. मोंगूज कंपनीने रूनक्वेस्ट पुन्हा काढला आणि तो ग्लोरांथाच्या जुन्या, दुसऱ्या युगात बसवला. त्यात रून म्हणजे सापडणारी, हाती येणारी वस्तू. ती मिळवून आपलीशी केली की जादू येते. ज्या जगात रून हे सृष्टीचं मूलतत्त्व आहे, तिथे ते लुटीच्या मालात जमा झालं. नियम चालत होते, जग तेवढं निसटलं.

म्हणूनच २०१४चं ‘गाइड टू ग्लोरांथा’ महत्त्वाचं. दोन जाडजूड खंड, प्रदेश, लोक, देव, नकाशे, आणि खेळाचे नियम शून्य. कुठल्याही नियमांत न्यायचं तर आधी काय न्यायचं ते इथे मिळतं. त्यानंतर रॉब हाइनसू आणि जोनाथन ट्वीट यांनी ‘थर्टीन्थ एज’ या डी अँड डीच्या घराण्यातल्या नियमांत ग्लोरांथा नेला. पुस्तक २०१८ साली आलं. क्लास आणि लेव्हल त्यांनी ठेवल्या, पण जुने क्लास तसेच उचलले नाहीत. हुमाक्ती, म्हणजे हुमाक्तचा भक्त, हाच एक क्लास केला. मूळ ‘थर्टीन्थ एज’मध्ये तेरा बलाढ्य व्यक्तींशी पात्राचं नातं असतं. तिथे त्यांनी रून बसवले. एकास एक आकडे बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

२०१८मध्येच केऑसियमने नवा रूनक्वेस्ट काढला. सांगाडा जुन्या दुसऱ्या आवृत्तीचा. माया, द्वेष, निष्ठा अशा आवेगांचे आकडे स्टॅफर्डच्याच १९८५च्या ‘पेंड्रॅगन’ या खेळातून आले, आणि एका गुणाने दुसऱ्याला जोड द्यायची युक्ती हीरोक्वेस्टकडून. आता रूनही टक्क्यांत, आणि विरुद्ध रूनांची बेरीज शंभर: हुमाक्तीचा मृत्यू ऐंशी झाला की त्याची सुफलता वीसवर येते. पात्र तयार करताना आजीआजोबांपासूनचा इतिहास फाशांवर ठरतो, त्यांनी कुठल्या लढाईत काय केलं इथपर्यंत. स्टॅफर्ड त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला.

हीरोक्वेस्ट हे नाव २०२० साली खेळण्यांच्या हॅस्ब्रो कंपनीला विकलं गेलं. त्याचे नियम आता ‘क्वेस्टवर्ल्ड्स’ नावाने मिळतात, कुठल्याही जगासाठी.