झिऱ्यापासून चेंबरपर्यंत : पावसाळी पाणी गाळण्यामागची गोष्ट

दुधना नदीच्या कोरड्या पात्रात उन्हाळ्यात झिरे खोदले जायचे. आजी हाताने वाळू बाजूला सारायची, कोपरभर खोल गेलं की ओल लागायची आणि तळाशी थोडं गढूळ पाणी जमायचं. ते ती वाटीने उपसून लांब फेकायची. दुसऱ्यांदा जमलेलंही फेकायची. तिसऱ्यांदा साचलेलं पाणी काचेसारखं असायचं, ते कळशीत जायचं. वाळू पाणी गाळते आणि पहिलं पाणी टाकून द्यायचं असतं, या दोन गोष्टी मराठवाड्यातल्या बाईमाणसाला कुणी शाळेत शिकवल्या नव्हत्या. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची किंवा निवळीचं बी उगाळून टाकायचं, हेही तसंच घराघरातलं ज्ञान.

आज शहरातल्या रस्त्याखालून वाहणारं पावसाचं पाणी नदीत किंवा जमिनीत सोडण्याआधी गाळायचं कसं, याची चर्चा सुरू झाली की ती बाहेरून आलेल्या यंत्रांच्या नावांनी सुरू होते. त्या यंत्रांच्या पोटात जे चालतं ते बरंचसं झिऱ्यातलंच आहे. मधल्या काळात आपण ते का विसरलो आणि जगाला ते पुन्हा का आठवावं लागलं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

जमिनीखालून पाणी नेणं मराठवाड्याला नवं नाही. देवगिरीच्या किल्ल्यात डोंगरातलं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून हत्ती हौदापर्यंत आणलेलं होतं. बीडजवळची खजाना बावडी सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिथून भूमिगत कालव्याने पाणी शेतांपर्यंत जातं. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. पुढच्या काही वर्षांत त्याने उत्तरेकडच्या डोंगरउताराचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर त्यानंतरची.

या नहरींची रचना आजच्या ड्रेनेजच्या माणसाने नीट पाहावी अशी आहे. मलिक अंबरच्या त्या नहरीत, म्हणजे नहर-ए-अंबरीत, ओढ्याचं उघडं, वाहतं पाणी थेट घेतलेलं नाही. ते डोंगराच्या मुरमातून, खडकाच्या भेगांतून पाझरून नहरीत उतरतं, म्हणजे गाळणी हा डोंगरच. नहरीवर जागोजाग माणूस उतरू शकेल अशी विवरं आहेत, कारण कितीही निवळ पाणी असलं तरी वर्षानुवर्षांत गाळ बसतोच, हे बांधणाऱ्याने धरलेलं होतं. वाटेत विटा-चुन्याचे उंच खांब आहेत, ज्यांना लोक बंबे म्हणतात. पाणी त्यात वर चढतं, नळात कोंडलेली हवा सुटते आणि पाणी पुढे उतरतं. पाणचक्कीच्या परिसरात गेलात तर चक्की बघून परत फिरू नका. त्या उंच भिंतीवरून पडणारं पाणी किती लांबून, जमिनीखालून आलंय, याचा विचार करत दोन मिनिटं थांबा.

हे सगळं पाणी आणण्याचं शास्त्र होतं. नको असलेलं पाणी बाहेर घालवण्याचं शास्त्र आपल्याकडे उशिरा आलं. गल्लीची नाली उघडी होती, तिच्यातून सांडपाणीही जायचं आणि पाऊसही. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात ड्रेनेजचा विचार राजधानीत सुरू झाला. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसं गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. पूर रोखणारी धरणं आणि शहराची भूमिगत गटारं, दोन्ही त्यांच्या आराखड्यातून पुढे आली. आमच्या जिल्ह्याच्या गावांना मात्र पुढची कित्येक दशकं नालीच राहिली, आणि बऱ्याच ठिकाणी ती आजही आहे, फक्त वर ढापे पडलेत.

तिकडे इंग्लंडात 1858 च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसदेचं कामकाज अवघड झालं आणि जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने लंडनखाली मोठी गटारं बांधली. त्यांत मैला आणि पाऊस एकत्र वाहत. ही पद्धत मान्य नसलेल्यांचं सूत्र होतं, पाऊस नदीला आणि मैला शेताला. दोन्हींच्या वाहिन्या वेगळ्या ठेवा, असं त्यांचं म्हणणं. पिवळ्या तापाच्या साथीनंतर अमेरिकेतल्या मेम्फिस शहराने 1880 मध्ये तसं करून दाखवलं. भारताने कागदावर हीच वेगळ्या वाहिन्यांची पद्धत स्वीकारली.

या सूत्रात एक गृहीत दडलेलं होतं, की पावसाचं पाणी स्वच्छ असतं. ते ढगातून स्वच्छच पडतं. पण रस्त्यावर पडल्यावर त्याचं काय होतं, हे जवळजवळ शंभर वर्षं फारसं कुणी मोजलं नाही.

नीट मोजायला सुरुवात झाली 1970 च्या आसपास. अमेरिकेत रस्त्यांवरची धूळ गोळा करून चाळल्यावर दिसलं की वजनाने अगदी थोडी असलेली बारीक पूडच जड धातूंचा मोठा वाटा वाहून नेते. झाडूने जाते ती जाड माती. विषारी भाग मागे राहतो. मग 1979 ते 1983 या काळात तिथे 28 ठिकाणी पावसाळी पाण्याचा देशव्यापी अभ्यास झाला. तांबं, शिसं, जस्त सगळीकडे सापडलं. 1987 मध्ये कायदा बदलला आणि शहरांच्या पावसाळी वाहिन्यांना परवान्याच्या चौकटीत आणण्याचा मार्ग मोकळा झाला. आज बाजारात दिसणारी बहुतेक भूमिगत गाळणयंत्रं या कायद्याची अपत्यं आहेत.

आकडे बाजूला ठेवून एकदा स्वतः पाहावं म्हणून मी मृगाच्या पहिल्या जोराच्या पावसात रस्त्याच्या कडेच्या जाळीपाशी तीन बाटल्या भरल्या. पहिली पाऊस सुरू झाल्यावर दहा मिनिटांत, दुसरी अर्ध्या तासाने, तिसरी तासाभराने. पहिली चहासारखी काळपट, वर तेलाचे इंद्रधनुषी डोळे, वास डिझेलचा आणि शेणाचा. तिसरी नुसती मातकट. तिन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या. सकाळी पहिल्या बाटलीच्या तळाशी बोटभर थर होता: खाली खडी आणि मुरूम, त्यावर काळी मऊ साय, जी बोटाला लागली की साबणाने धुतल्याशिवाय जात नव्हती. थराच्या वरचं पाणी मात्र निवळलं नाही. चार दिवसांनीही ते ताकासारखं धुरकट होतं. ती आमची काळी माती. तिचे कण इतके बारीक असतात की एकमेकांना दूर लोटत ते पाण्यात तरंगत राहतात. म्हणूनच तर तुरटी लागते.

ही एक बाटली समजली की यंत्रं समजतात. सगळ्यात साधं म्हणजे तळ खोल ठेवलेलं चेंबर. बाहेर जाणारा पाइप तळापासून वर काढतात, जड माती तळाशी बसते. पाइपच्या तोंडाला खाली वळलेलं कोपर लावलं की तरंगणारं तेल आणि गुटख्याच्या पुड्या आतच अडकतात. त्याच्या पुढचं म्हणजे भोवऱ्याचं चेंबर. 1960 च्या दशकात इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात याचे पहिले प्रयोग झाले. पाणी कडेने आत सोडून गोल फिरवायचं, म्हणजे जड कण मध्यावर तळाशी गोळा होतात. आपल्याकडे तांदूळ रोळून खडे काढतात, तीच करामत. यात हलणारा एकही भाग नाही आणि वीजही लागत नाही. पण रोळून खडे निघतात, पीठ निघत नाही. बाटलीतलं ते ताकासारखं पाणी भोवऱ्यातून जसंच्या तसं पुढे जातं.

बारीक पुडीसाठी गाळणीच हवी, आणि गाळणीची गोष्ट पुन्हा वाळूवर येते. पिण्याच्या पाण्यासाठी लंडनच्या चेल्सी भागात 1829 पासून जेम्स सिम्प्सनने वाळूच्या थरातून पाणी गाळायला सुरुवात केली होती. पावसाळी पाण्यासाठी तीच वाळू 1980 च्या दशकात टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने वापरली. तिथला खडक चुनखडीचा, भेगांचा. रस्त्याचं पाणी खाली उतरलं की गाळलं न जाता थेट झऱ्यांत जातं. पुढे वॉशिंग्टन शहरात जागा नव्हती म्हणून हीच गाळणी वाहनतळांच्या खाली, तीन कप्प्यांच्या काँक्रीटच्या टाकीत गेली: पहिल्यात गाळ बसतो आणि तेल अडतं, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यातून पाणी बाहेर. नंतर वाळूच्या जागी कुजलेल्या पानांचं खत, झिओलाइट हे सच्छिद्र खनिज, सक्रिय कोळसा भरलेली नळकांडी आली, कारण विरघळलेले धातू वाळूला दाद देत नाहीत.

धूळ नुसती धूळ नसते, याचा सगळ्यात धक्कादायक पुरावा 2020 च्या डिसेंबरमध्ये आला. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन मासे पावसानंतर तडफडून का मरतात, हे कोडं कित्येक वर्षं सुटत नव्हतं. कारण निघालं टायरमध्ये. रबर टिकावं म्हणून घातलेल्या रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन जो पदार्थ बनतो, तो टायरच्या झिजेसोबत रस्त्यावर पडतो आणि पहिल्या पावसात ओढ्यात उतरतो. माझ्या बाटलीतली काळी मऊ साय आठवली की हा शोध मला लांबचा वाटत नाही.

आता मराठवाडा. इथे पाऊस सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत, आणि त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत. उरलेले आठ महिने रस्ता फक्त साठवत राहतो. त्यामुळे आपलं पहिलं पाणी बारमाही रिमझिमीच्या देशांपेक्षा कितीतरी घाण असतं. तिकडच्या पुस्तकातलं माप उचलून इकडे बसवलं की गाळणी पहिल्याच आठवड्यात तुंबते. दुसरी अडचण काळ्या मातीची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि ओली झाली की फुगून घट्ट. तिच्यात खोदलेला शोषखड्डा दोन सरींनंतर नुसता हौद होतो. खड्डा मुरमापर्यंत नेलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट जास्त काळजीची. आपला बेसाल्ट खडक ऑस्टिनच्या चुनखडीसारखाच भेगांमधून पाणी नेतो. नहरीला पाणी देणारा डोंगर गाळणी ठरतो, कारण पाणी आधी वरच्या मातीतून आणि मुरमातून सावकाश उतरतं. बोअर हे दोन्ही थर ओलांडून थेट भेगेला भिडतं. टंचाईच्या वर्षांत बोअर पुनर्भरणाची लाट आली, ती चांगलीच होती. छताच्या पाण्यासाठी खडी, वाळू, कोळशाचा खड्डा पुरतो. पण हौसेने अंगणाचं, पार्किंगचं, रस्त्याचं पाणीही बोअरमध्ये सोडलेलं मी पाहिलंय. ते पाणी शेजारच्याच्या पिण्याच्या बोअरमध्ये निघू शकतं. रस्त्याचं पाणी गाळणीशिवाय बोअरमध्ये सोडू नये, यावर माझं मत पक्कं आहे.

आणि तरीही हे पाणी सोडून द्यायचं नाही. एक गुंठा जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण शंभर लिटर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तेवढं पाणी साडेबारा एकर डांबरावर दहा मिलिमीटर पावसात पडतं. लातूरच काय, आपल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावात साडेबारा एकर डांबर आणि काँक्रीट सहज निघेल.

धोरणात हा विचार हळूहळू आला. नांदेडला 2008 च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने केंद्राच्या नागरी अभियानातून रस्ते आणि गटारांची मोठी कामं झाली. 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या पुरानंतर देशात शहरी पुराकडे स्वतंत्रपणे पाहिलं जाऊ लागलं, 2010 मध्ये त्यावर राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. पावसाळी निचऱ्यासाठी केंद्राची स्वतंत्र नियमपुस्तिका निघाली 2019 मध्ये. भर अजूनही पाणी लवकर कसं काढावं यावरच आहे, पण पाणी मुरवण्याला आणि साठवण्याला त्यात जागा मिळाली. छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या सफाईचं काम सुरू झालं, तेव्हा नदी साफ ठेवायची तर तिला मिळणारे नाले आधी पाहावे लागतात, हे लोकांना डोळ्यांनी दिसलं.

यंत्र कोणतंही बसवा, त्यात जे अडतं ते कुणीतरी बाहेर काढावं लागतं. भरलेलं भोवरा-चेंबर पुढच्या मोठ्या सरीत जुना गाळ ढवळून नदीत सोडतं. वाळूचा वरचा थर खरवडून बदलला नाही तर पाणी गाळणीला वळसा घालून जातं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवून सफाई करण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि गटारात होणाऱ्या मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये तीस लाखांपर्यंत वाढवली. म्हणून नवं चेंबर मंजूर करताना पहिला प्रश्न असा हवा की पंपाची गाडी त्याच्या झाकणापर्यंत पोचते का, आणि नळी तळाला लागते का. नहरीच्या विवरांची आखणी करणाऱ्याने त्याच्या काळात हाच विचार केला होता.

आमच्या गल्लीत दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी नालीतला गाळ काढतात. काढलेला गाळ सुकावा म्हणून नालीच्याच काठावर ढीग लावून ठेवतात. ट्रॅक्टर आठ दिवसांनी येणार असतो. यंदाही मृगाचा पाऊस चौथ्या दिवशी आला.