वसतिगृहाच्या यादीत नाव नाही? स्वाधारचा अर्ज नेमका कुठे अडकतो

समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहांत जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, हे काही नवीन नाही. वसतिगृहं वाढायला हवीत ही मागणी जुनीच आहे. तोवर, प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना बाहेर राहण्या-जेवण्याचा खर्च मिळावा म्हणून २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये, इतर काही महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार.

पात्रता थोडक्यात: महाराष्ट्राचा रहिवासी, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आधीच्या परीक्षेत किमान ५० टक्के (दिव्यांगांना ४०), कॉलेजात ७५ टक्के हजेरी आणि कॉलेज आहे त्या शहराचा तुम्ही स्थानिक रहिवासी नसणं. जातीचा दाखला, गुणपत्रिका, बोनाफाईड ही कागदं बहुतेकांकडे असतातच. अर्ज तिथे अडत नाहीत.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याचा अहवाल जोडून ‘दाखला दिला’ म्हणणारी मुलं दरवर्षी भेटतात. दाखल्यावर खाली वैधतेची तारीख छापलेली असते, बहुधा ३१ मार्चची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं गेल्या वर्षीचीच पीडीएफ पुन्हा चढवतात आणि नेमकी तिथेच फसतात. नवा दाखला एप्रिल-मे मध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतूसमोर अख्खा तालुका उभा असतो.

खरी डोकेदुखी भाडेकराराची. एका खोलीत चार-पाच जण राहतात, करार असला तर एकाच्याच नावावर, आणि बऱ्याचदा तोही नसतो. कर लागेल, भाडेकरू हक्क सांगेल अशा भीतीने घरमालक सहीच करत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. पण खोली हातची जाईल या धास्तीत असलेलं एकोणीस वर्षांचं पोर मालकाला कायदा काय शिकवणार? सरकारने आधी खोली दिली नाही, आता बाहेरच्या खोलीचा पक्का कागद मागतंय, हा उफराटा न्याय आहे. तरी वाट काढावीच लागते. खोली ठरवतानाच, डिपॉझिट हातात देण्याआधी, कराराचं बोलून घ्या. पैसे दिल्यावर मालक ऐकत नाही. करारात खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव घाला. नोटरी केलेला चालेल की नोंदणीकृतच हवा, हे समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारून मगच स्टॅम्पपेपर घ्या. आणि हे कार्यालय कॉलेज असलेल्या जिल्ह्यातलं, गावाकडचं नव्हे.

आधारचे घोटाळे दोन. पहिला पत्त्याचा. सोय म्हणून काहीजण आधारवरचा पत्ता बदलून शहरातल्या खोलीचा टाकतात. मग ‘स्थानिक रहिवासी नाही’ असं प्रतिज्ञापत्र एकीकडे आणि शहराचा पत्ता दुसरीकडे. टेबलावरच्या माणसाला शंका घ्यायला तेवढं पुरे. गावचा पत्ता राहू द्या.

दुसरा बँकेचा. खात्याची आधार केवायसी झाली म्हणजे खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी, जोडलं गेलं असं नाही. एनपीसीआयच्या (देशातले बँक व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तुमच्या आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं आणि पैसे तिथेच जातात, अर्जात तुम्ही कोणतंही पासबुक लावा. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं तिथे निघालं, तर मंजूर रक्कमही अडकते. माय-आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहायला दोन मिनिटं लागतात. अर्जाच्या आधी पाहा, मंजुरीनंतर नव्हे.

मुदतीचं वेळापत्रक नीट वाचा. बिगर-व्यावसायिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या तारखा वेगळ्या असतात. बीए-बीएस्सीचा विद्यार्थी इंजिनिअरिंगवाल्या मित्राची तारीख धरून बसतो आणि त्याची स्वतःची मुदत तोवर निघून जाते. ‘मुदतवाढ होतेच’ हा सल्ला देणारे सीनिअर अर्ज भरून मोकळे झालेले असतात, हेही ध्यानात ठेवा. ऑनलाइन अर्ज भरल्यावर दर दोन-चार दिवसांनी लॉगिन करून बघा. त्रुटी काढून अर्ज परत आला तर मेसेज येईलच याची खात्री नाही आणि दुरुस्तीला दिवस मोजकेच मिळतात.

रक्कम हातात यायला उशीर होतो, कधी वर्ष संपत येतं. त्यामुळे मेसवाल्याला आणि मालकाला ‘स्वाधार आला की देतो’ असा शब्द देऊ नका. मेसच्या पावत्या मात्र पहिल्या महिन्यापासून जपून ठेवा, नंतर मागच्या तारखेची पावती कोणी फाडून देत नाही.

ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्. त्यांची सरकारी खातीही वेगळी आणि अर्जही वेगळे. स्वाधारमध्ये भरलेला अर्ज कोणी तिकडे वळवून देत नाही.