काटा वेगाचा की इंजिनाचा? मीटर बदलण्याआधी हे वाचा

पल्सरच्या बऱ्याच मॉडेलांवर नजरेत भरतो तो मोठा काटा आणि वेग दिसतो शेजारच्या डिजिटल आकड्यात. स्प्लेंडरवरून थेट अशा गाडीवर बसलेल्याला काटा ५ वर गेला की वेग ५० वाटतो. पण तो आरपीएम मीटर आहे. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेतंय, एवढंच तो सांगतो.

खात्री करायची तर गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून रेस द्या. उसळेल तो काटा आरपीएमचा. स्पीडोमीटर शून्यावरच राहील, कारण तो चाकाचे फेरे मोजतो.

केबलच्या स्पीडोमीटरमध्ये पुढच्या चाकाच्या हबमधून केबल वर येते. तिच्यातली तार मीटरमधलं चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमची वाटी सोबत ओढू पाहतं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जितकी वळेल तितका काटा सरकतो. म्हणून काटा थरथरायला लागला की बहुतेक वेळा दोष मीटरचा नसतो, केबल कोरडी पडलेली किंवा मुडपलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्याची धूळ थेट हबवर बसते. आधी केबल उतरवून साफ करा, ग्रीस लावा. नवीन मीटरचा खर्च त्यानंतर.

आरपीएम मीटरचा खरा उपयोग चढावर. कन्नडच्या औट्रम घाटात टॉप गिअरमध्ये इंजिन कण्हायला लागतं, तेव्हा ४० चा वेग काहीच सांगत नाही. आरपीएमचा खाली आलेला काटा मात्र गिअर उतरवायला सांगतो. रोज गावातल्या गावात फिरणाऱ्या १०० सीसी गाडीला तो नसला तरी चालतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजारातला डिजिटल मीटर बसवताना दोघांचं सेटिंग वेगळं असतं आणि गोंधळ इथेच होतो. स्पीडोमीटरला टायरचा घेर द्यावा लागतो. मापलेला घेर द्या आणि मग सरळ रस्त्यावर मागे बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसशी वेग ताडून पाहायला सांगा. आरपीएम मीटर क्वॉइलच्या (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाच्या) वायरीवरून किंवा प्लगच्या वायरीला गुंडाळलेल्या तारेवरून ठिणग्या मोजतो. फोर-स्ट्रोकमध्ये इंधन दोन फेऱ्यांत एकदा जळतं, पण कित्येक गाड्यांत ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते. फेऱ्यामागे किती ठिणग्या, हे सेटिंग चुकलं की १,४०० च्या आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, मीटर ७०० नाहीतर २,८०० दाखवतो. गाडीच्या पुस्तिकेतला आयडलिंगचा आकडा जुळला की सेटिंग बरोबर.

हौसेपायी स्पीडोमीटर काढून तिथे नुसता आरपीएम मीटर लावू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११७ नुसार स्पीडोमीटर लागतोच. आणि जुना मीटर उतरवण्याआधी त्यावरच्या एकूण किलोमीटरचा फोटो काढून ठेवा. नवीन मीटर शून्यापासून मोजतो. पुढे सर्व्हिसिंगला आणि गाडी विकताना जुना आकडा विचारला जातो.