'घबराहट' म्हणजे नेमकं काय होतं?

बिहारहून इचलकरंजीत यंत्रमागावर आलेल्या कामगाराची बायको डॉक्टरांना सांगते, "घबराहट होती है, गैस चढ़ता है." तपासण्या होतात, सगळं नॉर्मल येतं. पित्ताच्या गोळ्या घेऊन ती घरी जाते. आपण उदास आहोत, असं ती म्हणालेलीच नसते. आपल्या कोल्हापुरात तरी कोण म्हणतं? 'जीव घाबरा होतोय', 'डोकं जड झालंय', हेच आपलं सांगणं.

आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं चीनच्या हुनान प्रांतात असे १०० रुग्ण तपासले. १९८२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. डोकेदुखी, थकवा, झोप नाही म्हणून 'नसांचा अशक्तपणा' असं निदान झालेली ही माणसं. त्यांतल्या ८७ जणांना नैराश्य होतं. औषधानं अनेकांची लक्षणं कमी झाली, तरी घरातले आणि कामावरचे ताण होते तिथंच राहिले.

म्हणून समुपदेशकानं आधी विचारायचं ते असं : या त्रासाला तुमच्या घरात काय म्हणतात? तो कशामुळं झाला असं तुम्हाला वाटतं? मानसोपचाराच्या २०१३ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत अशा १६ प्रश्नांची मुलाखतच दिली आहे. 'बिहारी लोक असे, ओडिया तसे' ही पाठ केलेली माहिती इथं कामाची नाही. उलट तीच आड येते.

सर्वांत मोठी चूक दुभाष्याच्या बाबतीत होते. मराठी शाळेत जाणारी दहा वर्षांची मुलगी सराईत मराठी बोलते, म्हणून तिलाच मध्ये बसवतात. नवऱ्याचं पिणं, गर्भपात, जीव द्यावासा वाटणं, हे आई लेकीच्या तोंडून कसं सांगणार? आणि ऐकलेलं ओझं ती पोर कुठं उतरवणार? शिवाय बँकेत, दवाखान्यात लेकीवाचून अडणारा बाप घरात लहान होतो, चिडतो. त्या चिडण्यामागची लाज ओळखली नाही, तर समुपदेशन त्याला आणखी एक अपमान वाटतं. मुलाला दुभाषी करणं मला अजिबात मान्य नाही. त्यापेक्षा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर त्यांच्या भाषेत बोलता येईल का, ते पाहावं. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा हिंदीसह अनेक भारतीय भाषांत सुरू आहे.

आणि घाई करू नये. पहिल्या भेटीत आजाराबद्दल काहीच न विचारता "इथं आल्यापासून छठ कुठं करता?" एवढं विचारलं, तरी गावाकडची सासू, अर्ध्यावर राहिलेलं घर, फेडायचं कर्ज, एकेक बाहेर येऊ लागतं.