उचलले जाणे आणि द्वितीयागमन : घटना एक की दोन?

थोरला भाऊ चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या उपासनेला आणि धाकटा एखाद्या पेन्टेकॉस्टल मंडळीत (चर्चमध्ये), अशी ख्रिस्ती कुटुंबे जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथे आता नवलाची राहिलेली नाहीत. अंतकाळाचा विषय निघाला की थोरला ‘प्रभूचे द्वितीयागमन’ म्हणतो, धाकटा ‘उचलले जाणे’ किंवा सरळ ‘रॅप्चर’ म्हणतो. दोघेही समोरचा त्याच गोष्टीबद्दल बोलत आहे असे धरून चालतात, आणि वाद नेमका कशावरून पेटला हे शेवटी कोणालाच सांगता येत नाही.

द्वितीयागमन म्हणजे ख्रिस्ताचे गौरवाने, सर्वांना दिसेल असे पुन्हा येणे आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करणे. उचलले जाण्याचा मुख्य आधार थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे : ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील आणि मग जिवंत उरलेले विश्वासणारे प्रभूला भेटण्यासाठी मेघांत वर घेतले जातील. या दोन्ही गोष्टी घडणार हे दोघा भावांना मान्य आहे. प्रश्न एवढाच, की त्या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, की त्यांच्यामध्ये महासंकटाचा, म्हणजे जगाच्या अंतापूर्वीच्या भयंकर क्लेशांचा, सात वर्षांचा काळ आहे?

मध्ये सात वर्षे मानणारी मांडणी बायबलशिक्षक जॉन नेल्सन डार्बी (1800–1882) यांनी एकोणिसाव्या शतकात व्यवस्थित रचली आणि 1909 साली निघालेल्या स्कोफील्ड संदर्भ बायबलच्या टिपांमुळे ती दूरवर पोहोचली. मत अलीकडचे आहे म्हणून ते चूक ठरत नाही, हे जुन्या मंडळ्यांतील मंडळींनी लक्षात ठेवलेले बरे. देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेले नाही (1 थेस्सलनीका 5:9), आणि फिलदेल्फियाच्या मंडळीला परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचे वचन आहे (प्रकटीकरण 3:10); तेव्हा मंडळी संकटापूर्वीच उचलली जाईल, असा या पक्षाचा युक्तिवाद आहे.

घटना एकच मानणारे थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय पुढे करतात. तेथे पौल प्रभूचे येणे आणि आपले त्याच्याजवळ एकत्र होणे यांचा एका दमात उल्लेख करतो आणि अनीतिमान पुरुष (अंतकाळी देवाविरुद्ध उठणारा) प्रकट होण्याआधी तो दिवस येणार नाही, असे सांगतो. मेघांतील भेटीचा अर्थ ते आपल्याकडील सीमांतपूजनासारखा लावतात : वधूकडचे वेशीपर्यंत जातात ते वराला घेऊन गावात परतण्यासाठी, त्याच्याबरोबर निघून जाण्यासाठी नव्हे. युक्तिवाद वजनदार आहे, परंतु निर्णायक नाही, कारण परतण्याचा उल्लेख त्या उताऱ्यात नाही. उलट बाजूने मत्तय 24:40 मधील ‘एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल’ हे वचन सर्रास वापरले जाते, तेही तितकेच सैल आहे. त्याच्या आधीच्याच वचनात नोहाच्या काळी पुराने वाहून नेले ते अविश्वासी होते, म्हणजे ‘घेतले जाणे’ हा तेथे न्यायही असू शकतो.

माझ्या मते खरी फूट या वचनांत नसून दानीएलाच्या नवव्या अध्यायात आहे. तेथील भविष्यवाणीतल्या सत्तर सप्तकांपैकी (सप्तक म्हणजे सात वर्षांचा गट) शेवटचे सप्तक अजून व्हायचे आहे असे धरले, तर सात वर्षे हाती येतात, आणि मंडळी व इस्राएल यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना मानल्या, तर त्या सात वर्षांत मंडळी पृथ्वीवर असण्याचे कारण उरत नाही. सत्तरही सप्तके सलग धरून ती ख्रिस्ताच्या येण्यात व इ. स. 70 मधील यरुशलेमच्या नाशाच्या संदर्भात पूर्ण झाली असे वाचले, तर मध्ये सात वर्षे घालण्याचा मुख्य आधारच जातो. थेस्सलनीकावर तासभर बोलण्यापेक्षा दोघा भावांनी येथून सुरुवात केली, तर निदान आपण कोठे वेगळे होतो ते दोघांनाही दिसेल.

निकिया मतांगीकारात, म्हणजे बहुतेक मंडळ्यांना मान्य असलेल्या प्राचीन विश्वासकथनात, ख्रिस्त गौरवाने पुन्हा येईल, न्याय करील आणि त्याच्या राज्याचा अंत होणार नाही, एवढेच आहे. सात वर्षांचा त्यात उल्लेख नाही, ख्रिस्ताच्या सहस्र वर्षांच्या पृथ्वीवरील राज्याचाही नाही. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर स्वतः यरुशलेममधील सहस्र वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवत होता, तरीही शुद्ध व भक्तिमान विश्वासाचे अनेक खरे ख्रिस्ती लोक तसे मानत नाहीत, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. येण्याची तारीख काढून देणारा उपदेशक मात्र या दोन्ही पक्षांबाहेरचा आहे, आणि मत्तय 24:36 उघडून त्याला थांबवण्याचे काम दोघे भाऊ मिळून करू शकतात.