खोल समुद्रातल्या टेकड्या आणि सपाट माळ: फरक नेमका कशात?

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे बोअर मारली की कितीतरी खोलपर्यंत माती, वाळू, गोटेच निघत राहतात, आणि पारोळा-जामनेरकडे थोडं खाली गेलं की लगेच काळा खडक लागतो. कारण सातपुड्याच्या पायथ्याशी फॉल्ट (खडक तुटून सरकल्याची भेग) आहे, त्याच्या दक्षिणेकडची जमीन खचली आणि तो खड्डा तापीनं आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी गाळानं भरून काढला. वरून फक्त सपाट केळीचे मळे दिसतात.

खोल समुद्रात पण हेच चालतं, म्हणून तिथल्या टेकड्या (अबिसल हिल) आणि सपाट माळ (अबिसल प्लेन) ही दोन वेगळी जमीन आहे असं समजू नका, खालचा खडक दोन्हीकडे तोच असतो.

टेकड्या बनवतात फॉल्ट. आपल्या अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रिज (समुद्रतळावरची लांब डोंगररांग) घ्या, तिथे पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्लेट एकमेकींपासून लांब जातात, मधून लाव्हा वर येऊन नवा तळ तयार होतो, तो ताणला जातो, तुटतो, काही तुकडे खचतात काही तिरपे होऊन वर राहतात, आणि रिजला समांतर अशा टेकड्यांच्या रांगाच रांगा उभ्या राहतात. उंची साधारण 50 ते 300 मीटर. पृथ्वीवर सगळ्यात जास्त दिसणारा भूआकार हाच!

माळ बनवतो गाळ, पण कुठलाही गाळ नाही. वरून पडणारी बारीक धूळ आणि सूक्ष्म जीवांची कवचं हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर साचतात, आणि ती टेकडीवर नि खोलगटात सारखीच बसतात त्यामुळे आकार तसाच राहतो. सपाट करतो तो उतारावरून धावत येणारा गढूळ लोंढा, टर्बिडिटी करंट, कारण तो आधी खोल जागा भरतो. 1929 मध्ये ग्रँड बँक्सला (कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र) भूकंप झाला तेव्हा जवळच्या टेलिग्राफ केबल लगेच तुटल्या पण उतारावरच्या लांबच्या केबल पुढचे 13 तास एकामागून एक तुटत गेल्या, आणि या क्रमावरूनच नंतर लोंढ्याचा वेग काढता आला. किती जबरदस्त पुरावा आहे हा!

अटलांटिकमध्ये खंडांचा गाळ थेट आत जातो म्हणून माळ मोठे, इतके सपाट की हजार मीटरला एक मीटरही उतार नाही. पॅसिफिकच्या कडेला खोल खंदक आहेत, गाळ त्यातच अडकतो, म्हणून तिथे टेकड्या अजून उघड्या आहेत.

नकाशात सपाट पट्ट्यातून एखादी टेकडी मधेच वर आलेली दिसली तर ती बहुतेक जुनीच, पूर्ण बुडायची राहिलेली. नक्की बघायचं असेल तर साध्या सोनारवर (आवाजानं फक्त तळाचा वरचा आकार मोजणारं यंत्र) थांबू नका, सिस्मिक प्रोफाइल (तळाखालपर्यंत आवाजाच्या लाटा पाठवून काढलेला छेद) बघा, त्यात गाळाचे थर आणि खालचा मोडका खडक दोन्ही दिसतात.