पेन चालत नाही? आधी चित्र दाखवा

पेन आणि रंगीत पेन्सिलीने काल्पनिक निसर्गचित्रं काढणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

‘परवाच नेलेला फाइन लायनर (बारीक टोकाचा शाईचा पेन) आज उमटत नाही’ ही तक्रार काउंटरवर सारखी येते. सोबत चित्र आणलं असेल तर कारण त्यातच सापडतं. डोंगर आधी पेन्सिलीने रंगवलेले आणि कडा नंतर काळ्या पेनने ओढलेल्या. रंगीत पेन्सिलीत रंग धरून ठेवायला मेण किंवा तेल असतं. फाइन लायनरचं टोक बारीक तंतूंचं. ते मेणाच्या थरावर घासलं की तंतू बुजतात, शाई उतरत नाही. मग आपण जोर देतो, टोक आत दबतं आणि पेन खरोखरच जातो.

तेव्हा आधी हलक्या हाताने एचबी पेन्सिलीची आखणी, त्यावर पेन, शाई वाळली की खोडरबर आणि रंग अगदी शेवटी. पावसाळ्यात साताऱ्याची हवा दमट, शाईला जरा जास्त वेळ द्या. रंगावर एखादी रेघ गडद करायचीच असेल, तर काळ्या रंगीत पेन्सिलीला टोक काढून ओढा.

वापरलेला पेन आम्ही बदलून देत नाही, यावर काहीजण नाराज होतात. पण प्रत्येक पेन तुमच्यासमोर रेघ ओढूनच देतो.

लांबच्या डोंगररांगांना ०.१ टोकाचा पेन, पुढच्या झाडा-दगडांना ०.५ पुरतो. लांबचे डोंगर फिके, निळसर ठेवा. आणि काल्पनिक म्हणजे दोन त्रिकोण नि मधून उगवणारा सूर्य, असं कुणी ठरवलं? आपला अजिंक्यताऱ्याचा डोंगर बघा. माथा सपाट, उतारावर कातळाचे टप्पे, कारण हे डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेत. असा एखादा टप्पा उचलून मनातल्या डोंगराला लावला, की तो खरा वाटायला लागतो. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या मुलांनाही आम्ही हेच सांगतो.

कागद १५० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) पुढचा आणि किंचित खरखरीत घ्या. गुळगुळीत कागदावर पेन्सिलीचे फार थर चढत नाहीत. आमच्याकडे कागदाचे तुकडे ठेवलेले आहेत, घासून बघा आणि मग ठरवा. ४८ रंगांचा डबा लगेच घ्यायलाच हवा असं नाही. निळा, करडा, तपकिरी आणि हिरव्याच्या दोन छटा सुट्या मिळतात. जी संपेल तेवढीच परत न्या.